बारा महिन्यांची सायकल

आर्डिस किवेला आणि मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात एकाच मशीनवर काम करायचो. मशीनमधून चादर गरम-गरम बाहेर यायची, एक टोक ती धरायची, एक मी. इतकी वर्षं चादरीच्या दुसऱ्या टोकाला एकच तोंड पाहिलं, म्हणजे त्या माणसाबद्दल चार शब्द लिहायचा हक्क मिळतो, असं मी धरून चालते.

आर्डिस मोटारीत बसत नसे. लहानपणी, बर्फ वितळायच्या दिवसांत, तिच्या बापाने मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर ट्रक नेला आणि खालचा बर्फ फुटला. बापाने पोरीला खिडकीतून बाहेर ढकललं. त्याला स्वतःला निघता आलं नाही. तेव्हापासून मोटारीचं दार बंद झालं की आर्डिसचा श्वास कोंडायचा. बसमध्येही ती दाराशी उभी राहायची आणि दोन-चार थांब्यांनंतर उतरून चालायला लागायची. म्हणून सायकल. आमच्या मिनियापोलिसात सायकलवाले पैशाला पासरी, पण त्यांची ती हौस. हिला सायकलशिवाय कामावर येताच यायचं नाही.

आणि लेम्पीकडे जाता यायचं नाही. लेम्पी तिची थोरली बहीण. बाप गेल्यावर तिनेच हिला वाढवलं. आता ती एल्म्सबी नावाच्या गावात म्हाताऱ्यांच्या घरात होती. तिथे जायला जुन्या रेल्वेच्या रुळांची वाट आहे. रूळ काढून टाकले आणि सायकलींसाठी सपाट रस्ता केला. सकाळी निघालं की संध्याकाळी पोचता येतं. वसंतापासून पहिला बर्फ पडेपर्यंत आर्डिस दर महिन्याला जायची, बहिणीच्या खोलीत आरामखुर्चीवर झोपायची, दुसऱ्या दिवशी परत. हिवाळ्यात फोन. लेम्पीची स्मरणशक्ती पार गेली होती. नवरा विसरली, मुलगा विसरली, चमचा कशाला असतो तेही विसरली. पण खिडकीखाली सायकलची घंटा वाजली की खुर्चीत सावरून बसायची आणि म्हणायची, "आर्डी आली. सायकलवरनं आली."

तर त्या वर्षी पानगळीत आर्डिसची जुनी सायकल सीटखाली मोडली. आमच्याकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते लोखंड आतून खात जातं आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

"आता कुठली घेणार?" मी चादरीवरून विचारलं.

"बारा महिन्यांची," ती म्हणाली. "रोज कामावर यायला चालली पाहिजे, बर्फात चालली पाहिजे, आणि सामान लादून लेम्पीकडे जाता आलं पाहिजे. म्हणजे टायर रुंद हवा. बर्फात घसरू नये म्हणून खिळ्यांचा टायर घातला तरी वर मडगार्ड बसलं पाहिजे. मागे कॅरिअर लावायला भोकं हवीत. गिअर मागच्या चाकाच्या पोटात हवा. बाहेर लोंबणारा असला की त्यात बर्फ गोठतो. ब्रेकही तसाच, आतला."

"नवरा शोधताना एवढा विचार केला असतास तर लग्न झालं असतं तुझं."

"नवऱ्याला मडगार्ड नसतात, बर्नी."

अशी होती ती. कमी बोलायची, पण बोलली की समोरच्याला गप्प करायची.

आमच्या भागात 'लूज नट' नावाचं सायकलींचं सहकारी दुकान होतं. नाव अगदी शोभून दिसायचं, कारण तिथल्या सगळ्यांचाच एखादा नट सैल होता. तिथे मालक नाही, नोकर नाही. तुम्ही तिथे काम करायचं, झाडायचं, ट्यूबला ठिगळं लावायची, आणि पुरेसं काम झालं की आकड्यांना टांगलेल्या सायकलींतली एक तुमची. आर्डिस दर शनिवारी जायला लागली. सोबत रुबार्बच्या, म्हणजे आमच्याकडच्या आंबट देठांच्या, वड्यांचा ट्रे असायचा. ट्रे रिकामा व्हायचा, पण तिचं आडनाव कोणी विचारलं नाही. सगळे तिला 'वडीवाली' म्हणायचे.

दुकानाचा मुखत्यार म्हणजे थॅड. दाढी बेंबीपर्यंत, आणि बोलणं तिथून सुरू होऊन आभाळापर्यंत. मालक नसलेल्या दुकानात मालकी गाजवायची कला त्याला चांगली साधली होती. आर्डिस एकच सायकल मागते हा त्याच्या लेखी विनोदच होता.

"आजीबाई," तो म्हणायचा, "सायकली किती असाव्यात? आहेत त्याहून एक जास्त! एक पळायला, एक प्रवासाला, आणि हिवाळ्याला एक मरतुकडी."

मरतुकडी ही त्या लोकांची रीतच आहे. हिवाळ्यात मिठाच्या तोंडी द्यायला एक भंगार सायकल ठेवायची, ती मेली तरी कोणी रडायचं नाही. चांगली सायकल उबेत घरात टांगायची आणि वसंतात बाहेर काढायची.

"माझ्याकडे एक खोली आहे," आर्डिस म्हणायची. "त्यात एक पलंग आणि एक सायकल मावते. तिसरं काही आणलं तर मला बाहेर झोपावं लागेल."

मागच्या भिंतीला एक हिरवी सायकल टांगलेली होती. कोण्या जुन्या कारागिराने हाताने बनवलेली आणि दुकानाला दिलेली. आर्डिसने सांगितलेलं सगळं तिच्यात होतं. गिअर चाकाच्या पोटात, ब्रेक आतला, कॅरिअरची भोकं, पुढच्या चाकातून दिव्याला वीज. आर्डिसने ती उतरवून पुसली, तेल दिलं, खिळ्यांचे टायर घालून पाहिले. मडगार्डखाली बोटभर जागा उरली. त्या सोमवारी तिने मला चादरीवरून नुसतं बोट दाखवलं. आधी मला वाटलं बोट भाजलं.

तिचं काम पुरं झालं त्या शनिवारी ती म्हणाली, "ये आज. माझी सायकल मिळणारेय." मी गेले. त्या दुकानाच्या वासानेही माझं डोकं दुखतं, तरी गेले.

तिथे निर्णय अंगठ्याने होतो. सगळे गोल बसतात आणि अंगठा वर करतात. एकाचाही खाली असला की काम थांबलं. आर्डिस स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती. अंगठे वर जाऊ लागले. कॉर्लिस म्हणून एक बाई होती, दुकानाच्या पाट्या रंगवायची, तिचाही वर गेला. थॅडचा खाली.

"मला आजीबाईंबद्दल आदरच आहे," तो म्हणाला. "पण ही सायकल मिठात घालणं म्हणजे खून आहे. हिला शोभेल असा चालवणारा हवा. ह्या हिवाळ्यात मरतुकडी घ्या, मग वसंतात बघू."

"वसंतातही मीच असेन," आर्डिस म्हणाली.

"मग अडलंय कुठं?"

कॉर्लिसने वर केलेला अंगठा हळूच मुठीत घेतला. बाकीचे रुबार्बच्या वडीतलं काही दातात अडकल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले. आमच्याकडे कोणी कोणाच्या तोंडावर वाईट बोलत नाही. नुसते गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्याला सभ्यपणा म्हणतात. माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढी राबवून घेतली आणि शेवटी अंगठा दाखवला.

मी तिथल्या तिथे बोलले, "अहो, सायकल आहे की देवळातली मूर्ती? चढायचं नसेल तर बनवली कशाला?"

"ताई, तुम्ही गाडी चालवता ना?" थॅड हसून म्हणाला. बाहेर उभ्या माझ्या गाडीकडे सगळ्यांनी पाहिलं, आणि माझं म्हणणं तिथेच मेलं.

आर्डिसला मिळाली ती मरतुकडी म्हणजे बारीक चाकांची जुनी शर्यतीची सायकल. बाहेर लोंबणारा गिअर, रिमला चावणारा ब्रेक. पुढचा चिमटा इतका अरुंद की खिळ्यांचा टायर त्यात बसेना. मागे बसला. सायकल ज्याला कळते त्याला हेही कळतं, की खिळ्यांचा एकच टायर असला तर तो पुढे घालावा, कारण मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं घसरलं तर पडतोच. आर्डिसला हे माहीत होतं, थॅडलाही होतं.

"अर्ध्यावर भागवा," तो म्हणाला. "काहीच नसण्यापेक्षा बरं."

तिने आपल्या मोडक्या सायकलची पितळी घंटा त्या मरतुकडीला लावली आणि मुकाट्याने घरी गेली. लेम्पीला फोनवर म्हणाली, "वसंतात नवी सायकल घेऊन येते. हिरवी."

जानेवारीत एका पहाटे, कामावर येताना, रेल्वे पुलाजवळच्या चौकात तिचं पुढचं चाक बर्फाच्या खाचेत शिरलं आणि घसरलं. मागून पावाची गाडी येत होती. कंबर मोडली, पाय दोन ठिकाणी मोडला, डोकं आपटलं. थंडी इतकी होती की अग्निशामकवाल्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत ब्लँकेटात गुंडाळून गाडीत घातलं. दुसऱ्या बाजूने कॉर्लिस सायकलवर येत होती. तिने तोंडावर ओढलेलं ब्लँकेट पाहिलं, रस्त्यातली मरतुकडी ओळखली, आणि दुकानात जाऊन सांगितलं की वडीवाली गेली.

हॉस्पिटलला फोन करावा असं कोणाला वाटलं असेलही. पण कोणाच्या नावाने करणार? आडनाव कोणाला माहीत होतं? ती कुठे काम करते हेही माहीत नव्हतं. नाहीतर नुसतं धुलाईखान्यात विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, की बाई वर चौथ्या मजल्यावर आहे आणि मीच धुतलेल्या चादरीवर पडली आहे.

सायकलवाल्यांची आणखी एक रीत आहे. कोणी रस्त्यात मेलं की एक सायकल पूर्ण पांढरी रंगवतात आणि त्या जागी खांबाला साखळीने बांधतात. एरवी ती सगळ्यात भंगार सायकल असते. चोरीला जाऊ नये म्हणून तिचे गिअर, ब्रेक, चेन सगळं काढून घेतात आणि सांधे गोंद भरून बुजवतात. पण ह्या वेळी मंडळींची मनं भरून आली होती. पुन्हा गोल बसले आणि पुन्हा अंगठे काढले. आर्डिसला हिरवी सायकल द्यायची असं ठरलं. सगळ्यांचे अंगठे वर होते, थॅडचासुद्धा. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हे.

मी आठवडाभर चौथा मजला आणि धुलाईखाना एवढंच करत होते. मग एके दिवशी गाडीतून त्या चौकातून जाताना मला पांढरी सायकल दिसली. फुलं, मेणबत्त्या, आणि कॉर्लिसच्या सुंदर अक्षरात पाटी: 'आर्डिथ. आमच्या दुकानाचा आत्मा.' आर्डिथ! दर शनिवारी येणाऱ्या बाईचं नावसुद्धा धड येत नव्हतं मेल्यांना.

मी तशीच दुकानात गेले.

"ती जिवंत आहे," मी ओरडले. "जेली खातेय! नर्सवर खेकसतेय!"

खरं सांगते, आनंद कोणाच्याच तोंडावर आला नाही. गोंधळ आला, मग लाज आली, आणि मग हिशेब आला.

"पण आपण सगळ्यांनी मिळून रांगेनं फेरी काढली," कॉर्लिस म्हणाली. "टीव्हीवाले आले होते. मी रडले."

"तुमचं रडणं परत घ्या की. नवंच आहे."

थॅडने दाढी कुरवाळली. "ताई, हे बघा. महापालिका त्या चौकात सायकलींची वाट मोटारींपासून वेगळी करायला खांब लावायला तयार झालीये. ती बाई जिवंत आहे असं बाहेर कळलं तर ते मागं हटतील. महापालिकेत मतदान होईपर्यंत जरा हळू बोला. खांब लागले तर किती जीव वाचतील."

"आणि ही?"

"त्यांना आम्ही कार्ड पाठवू," तो म्हणाला. ते कार्डही आलं नाही.

आर्डिसला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "हिरवी दिली मला? सगळ्यांनी?" आणि अशी हसली की टाके ताणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र हसू आलं नाही.

अंगात थोडा जीव आल्यावर तिने पहिला फोन लेम्पीला केला. मी शेजारी होते. स्पीकरवरून आवाज स्वच्छ येत होता.

"लेम्पी, मी आर्डी."

"असं करू नये हो बाई," लेम्पी म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या नावानं फोन करू नये."

झालं असं होतं की एल्म्सबीला टीव्हीवर बातमी लागली. आर्डिथ म्हणजे आपली आर्डिसच असं धरून तिथे काम करणाऱ्या एका भल्या बाईने पांढऱ्या सायकलचा फोटो छापून, चौकटीत घालून लेम्पीच्या उशाशी ठेवला. लेम्पीला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नव्हतं. पण फोटो रोज समोर होता आणि ती बाई रोज समजावत होती. जगातली एकच गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली. मग आम्ही त्या बाईलाही फोन केला. तिने फोटो काढून घेतला तर लेम्पीने दिवसभर रडून घर डोक्यावर घेतलं, म्हणून परत ठेवला.

"फोनवर नाही व्हायचं," आर्डिस म्हणाली. "मला बघितलं की कळेल तिला. खाली घंटा वाजली की कळेल."

मार्चअखेर ती कुबडी टेकत, चालत दुकानात गेली. मीच दार धरलं. तिला एवढंच विचारायचं होतं: पाय बरा झाला की ती पांढरी उतरवून, रंग खरवडून, पुन्हा उभी करता येईल का?

"सांध्यांत गोंद आहे, आजीबाई," थॅड म्हणाला. "आणि सगळं काढलंय ना त्यातलं."

"काढलेलं कुठंय?"

थॅडची स्वतःची सायकल दाराशीच उभी होती. तिच्या मागच्या चाकाच्या पोटात तो गिअर होता आणि पुढे तो दिवा. आर्डिसने स्वतः पुसलेले, तिला अंधारातही ओळखू आले असते.

"वाया जाण्यापेक्षा," तो म्हणाला. "आणि खरं म्हणजे ती आता तुमची अशी नाहीये. सगळ्या सायकलवाल्यांची आहे. पाटीवर नावही तुमचं नाही."

त्या दिवशी माझ्या हातात कुबडी असती तर मी आज तुरुंगातून लिहीत असते. आर्डिस फक्त म्हणाली, "माझी घंटा?"

घंटा मरतुकडीवरून काढून पांढऱ्या सायकलला लावली होती, आठवण म्हणून. आम्ही भर दुपारी चौकात गेलो. आर्डिसने खिशातला पाना काढला आणि वाकून घंटा सोडवू लागली. तेवढ्यात एक तरुण सायकलवाला ब्रेक मारून थांबला.

"लाज नाही वाटत? मेलेल्या बाईची घंटा चोरता?"

"मीच ती," आर्डिस म्हणाली.

"हो का? आणि मी पोप." तो फोटो काढून गेला.

पाय काही बरा झाला नाही. म्हणजे चालण्यापुरता झाला, पायडल मारण्यापुरता नाही. डॉक्टर म्हणाले, सायकल विसरा. एल्म्सबीहून निरोप आला की लेम्पी जेवण सोडते आहे. तेव्हा एके सकाळी आर्डिस माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काढ तुझी गाडी."

बापाच्या ट्रकनंतर शुद्धीत कधीच न बसलेली बाई मोटारीत बसली. चारी काचा खाली, एप्रिलचा वारा हाडांत शिरत होता, तरी तिच्या गळ्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. डोळे मिटून ती नखाने घंटेवरचा पांढरा रंग खरवडत राहिली. रस्त्यात एक तळं आलं तेव्हा तिने माझी बाही धरली आणि सोडली ती एल्म्सबीला. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी रेडिओ लावला.

लेम्पी खिडकीशी बसली होती. तिने आम्हाला गाडीतून उतरताना पाहिलं. आम्ही खोलीत गेलो तेव्हा तिने दोघींकडे सारख्याच सभ्यपणे पाहिलं.

"लेम्पी," आर्डिस तिच्यासमोर कुबडीवर वाकली. "बघ ना. मी आर्डी."

लेम्पीने तिचा चेहरा नीट पाहिला. क्षणभर मला वाटलं, ओळखलं.

"दिसता खऱ्या तिच्यासारख्या," ती म्हणाली. "पण तुम्ही गाडीतून आलात. माझी आर्डी गाडीत बसत नाही. ती सायकलवरनं येते."

आर्डिसने खिशातून घंटा काढली आणि वाजवली. आतपर्यंत रंग शिरून बसला होता. ठक्क असा आवाज झाला, लाकडावर चमचा आपटावा तसा.

"तिची वाजायची," लेम्पी म्हणाली. मग तिला पाहुण्यांची कणव आली असावी. उशाशी ठेवलेली चौकट उचलून तिने आर्डिसच्या हातात दिली. "बघा, किती छान सायकल दिली तिला लोकांनी. फुलं बघा किती. फार जीव होता हो सगळ्यांचा तिच्यावर."

आर्डिसने फुलं पाहिली.

"हो," ती म्हणाली. "फार."

आणि चौकट उशाशी, होती तिथे, नीट ठेवून दिली.